अर्ध्या आशियासाठी एकच सेवा : स्टार टीव्हीच्या पहिल्या नऊ वर्षांचे परीक्षण

१९९१ मध्ये हाँगकाँगहून सुरू झालेली स्टार टीव्ही ही सेवा भारतातल्या प्रेक्षकाने मागितलेली नव्हती, तिच्यासाठी त्याने कुठे अर्ज केला नव्हता आणि सुरुवातीच्या काळात तिच्या मालकांच्या हाती त्याचा एक पैसाही पोहोचत नव्हता. तरीही दोन-अडीच वर्षांत ती इथल्या लाखो घरांत दिसू लागली आणि दूरदर्शनची तीन दशकांची मक्तेदारी, कोणताही कायदा बदललेला नसताना, तिने मोडीत काढली. या सेवेकडे आज परीक्षकाच्या नजरेने पाहावेसे वाटते ते आठवणींत रमण्यासाठी नाही. भाषा, दर, वाहिन्यांचा क्रम आणि तक्रार कोणाकडे करायची यांविषयी उपग्रह वाहिन्यांच्या प्रेक्षकाला पुढे जे प्रश्न पडत राहिले, त्यांतले बहुतेक याच नऊ वर्षांत जन्माला आले. माझे मत आधीच सांगतो. स्टारची यंत्रणा उत्तम होती, तिच्या बातम्या आणि खेळांचे प्रक्षेपण त्या काळाच्या मानाने फार वरच्या दर्जाचे होते. पण तिचे मनोरंजन ज्या प्रेक्षकासाठी रचले होते तो प्रेक्षक आशियात फारच थोडा होता. भारतात ही सेवा रुजली त्याचे श्रेय कंपनीपेक्षा गल्लीतल्या केबलवाल्याकडे अधिक जाते.

सेवेचे परीक्षण उपग्रहापासून सुरू करायला हवे, कारण या सेवेचे सारे गुणदोष त्यातच दडलेले होते. ज्या एशियासॅट-१ वरून स्टारचे प्रक्षेपण होत असे, तो उपग्रह मुळात आशियासाठी बनवलेलाच नव्हता. ह्यूजेस कंपनीने तो वेस्टर्न युनियनसाठी तयार केला होता, त्याचे नाव वेस्टार-६ होते आणि फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर यानातून तो अवकाशात सोडण्यात आला होता. त्याला वरच्या कक्षेत नेणारी मोटर निकामी ठरली आणि तो पृथ्वीजवळच्या निरुपयोगी कक्षेत अडकून पडला. त्याच मोहिमेत सोडलेल्या इंडोनेशियाच्या पालापा उपग्रहाचीही तीच गत झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यान वर गेले, जोसेफ ॲलन आणि डेल गार्डनर या अंतराळवीरांनी यानाबाहेर पडून दोन्ही उपग्रह ताब्यात घेतले आणि ते पृथ्वीवर परत आणण्यात आले. ‘विकणे आहे’ अशा अर्थाची पाटी हातात धरलेल्या गार्डनर यांचे अवकाशातले छायाचित्र त्याच मोहिमेतले आहे. विमा कंपन्यांच्या मालकीचा झालेला हा उपग्रह पुढे एशियासॅट या हाँगकाँगच्या कंपनीने घेतला. तिच्यात हचिसन व्हाम्पोआ, ब्रिटनची केबल अँड वायरलेस आणि चीनची सिटिक असे तीन भागीदार होते.

दुरुस्त केलेला हा उपग्रह ७ एप्रिल १९९० रोजी सिचुआन प्रांतातल्या शिचांग तळावरून चीनच्या लाँग मार्च-३ अग्निबाणाने पुन्हा वर पाठवला. अमेरिकेत बनलेला उपग्रह चिनी अग्निबाणातून जाण्याची ती पहिलीच वेळ होती. तिआनानमेन चौकातल्या हत्याकांडाला तेव्हा वर्षही पुरे झालेले नव्हते, त्यामुळे अमेरिकेने चीनवर घातलेल्या निर्बंधांतून या उपग्रहासाठी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांना खास सवलत द्यावी लागली होती. ही पार्श्वभूमी लक्षात ठेवावी, कारण पुढे चीनचे सरकार या सेवेच्या प्रत्येक निर्णयावर छाया धरून राहिले. सेवा पाहणाऱ्याच्या घरातला पडदा आणि बीजिंगमधली सत्ता यांच्यातले नाते स्टारच्या बाबतीत पहिल्या दिवसापासूनच होते.

एशियासॅट-१ वर २४ ट्रान्सपॉन्डर, म्हणजे जमिनीवरून आलेले संकेत पुन्हा खाली पाठवणारी उपकरणे, होते आणि त्यांची विभागणी दोन झोतांत केली होती. उत्तर झोत चीन, कोरिया, जपान आणि मंगोलियाकडे, तर दक्षिण झोत आग्नेय आशियापासून भारतीय उपखंडावरून थेट पश्चिम आशियापर्यंत. एखाद्या देशाच्या मंत्रालयाने किंवा प्रसारण मंडळाने आखलेल्या सीमांशी या झोतांचा काहीही संबंध नव्हता. हचिसन समूह आणि हाँगकाँगचे उद्योगपती ली का-शिंग यांचे कुटुंब यांनी स्थापन केलेल्या हचव्हिजन कंपनीला डिसेंबर १९९० मध्ये हाँगकाँग सरकारकडून परवाना मिळाला आणि ली यांचे पंचविशीतले धाकटे चिरंजीव रिचर्ड ली यांनी सेवेची सूत्रे हाती घेतली. स्टार हे नाव ‘सॅटेलाइट टेलिव्हिजन एशियन रीजन’ यांच्या आद्याक्षरांचे. परवान्याबरोबर एक विलक्षण अट आली होती : हाँगकाँगच्या घराघरांत बोलल्या जाणाऱ्या कँटोनीज भाषेत या वाहिन्यांनी कार्यक्रम दाखवायचे नाहीत, म्हणजे तिथल्या स्थानिक दूरचित्रवाणीच्या धंद्याला धक्का लागणार नाही. स्वतःच्या शहराची भाषा बोलण्याची मुभा नसलेली ही सेवा मग ३८ देशांना एकाच वेळी साद घालू पाहत होती. तिच्या मनोरंजनात जो परकेपणा शेवटपर्यंत जाणवत राहिला, त्याची पहिली खूण मला या अटीत दिसते.

चित्राच्या दर्जाबद्दल मात्र कंपनीला पैकीच्या पैकी गुण द्यायला हवेत. उपग्रह पूर्व रेखांश १०५.५ अंशांवर, विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. मुंबईच्या गच्चीवरून पाहिले तर डिश आग्नेयेकडे तोंड करून क्षितिजापासून ४५ अंशांहून किंचित वर धरावी लागे. प्रक्षेपण सी-बँडमध्ये, म्हणजे ४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर होते. या लहरींना पावसाचा फारसा अडथळा होत नाही, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलै महिन्याचा विचार केला तर हा गुण लहान नाही. पुढे घरोघरच्या छोट्या डिशसाठी ज्या कू-बँड लहरी वापरात आल्या, त्यांवरचे चित्र मुसळधार पावसात गोठते किंवा जाते, हे प्रत्येक ग्राहक जाणतो. सी-बँडचा तोटा असा की त्याला डिश मोठी लागते, आठ-दहा फूट व्यासाची किंवा त्याहूनही मोठी, आणि ती एका कुटुंबाच्या आवाक्यातली वस्तू नव्हती. वसंत आणि शरद ऋतूंत काही दिवस सूर्य नेमका उपग्रहाच्या मागे येतो, त्या वेळी दुपारच्या आत काही मिनिटे पडद्यावर मुंग्या दिसत. हा निसर्गनियम आहे, सेवेतली उणीव त्याला म्हणता येणार नाही.

मोठ्या डिशची ही अडचणच भारतातल्या यशाचे कारण ठरली. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले आणि पंचतारांकित हॉटेलांत सीएनएनवर युद्ध थेट पाहता येते ही बातमी सर्वत्र पसरली. त्याआधीपासूनच शहरांतल्या अनेक इमारतींत आणि गल्ल्यांत व्हीसीआरवर चित्रपटांच्या कॅसेट लावून वायरीने घरोघर पोहोचवणारे छोटे व्यावसायिक होते. त्यांच्याकडे वायर होती, ग्राहक होते, महिन्याचे पैसे गोळा करण्याची सवय होती. फक्त डिश नव्हती. स्टारच्या वाहिन्या कोणत्याही सांकेतिक कुलपाशिवाय, मोकळ्या येत होत्या, त्यामुळे एक डिश आणि एक रिसिव्हर यांवर शंभर-दोनशे घरे चालवता येत होती. गावांत जिला लोक ‘छत्री’ म्हणू लागले ती डिश अशा रीतीने एका घरावर न चढता एका मोहल्ल्यावर चढली. कंपनीने या लोकांना नेमले नव्हते, प्रशिक्षण दिले नव्हते, त्यांच्याशी करारही केला नव्हता. तरी कंपनीची संपूर्ण वितरण व्यवस्था तेच होते.

म्हणून सेवेच्या शेवटच्या टप्प्याला, म्हणजे गच्चीपासून दिवाणखान्यापर्यंतच्या वायरीला, मी वेगळे गुण देतो. इथे दर्जा कमालीचा असमान होता. खांबावरून झाडावर, झाडावरून गॅलरीच्या कठड्यावर अशी नेलेली वायर, दर काही अंतरावर बसवलेला ॲम्प्लिफायर, त्याची वीज कोणाच्या मीटरवरून घ्यायची याचे वाद, एका मजल्यावर स्वच्छ चित्र तर खालच्या मजल्यावर दुहेरी सावल्या, हे सर्व सेवेचा भाग होते. आठ किंवा बारा बटणांच्या जुन्या संचात वाहिन्या मावत नसत, त्यामुळे कोणती वाहिनी पहिल्या बटणांवर लावायची हे केबलवाला ठरवी. त्याचे हे छोटेसे स्वातंत्र्य पुढे फार मोठे व्यापारी शस्त्र झाले. पण त्याच केबलवाल्याची एक बाजू आजही हेवा वाटावी अशी होती. तक्रार केली की दहा आकडी क्रमांक, प्रतीक्षा किंवा ध्वनिमुद्रित संदेश असे काही आड येत नसे. तो स्वतः किंवा त्याचा मुलगा शिडी घेऊन येत असे, कारण तो त्याच वस्तीत राहत होता. महिन्याचा दर साधारण १०० रुपयांच्या आसपास असे आणि वस्ती बदलली की दर बदले. ग्राहकाने दिलेले हे पैसे हाँगकाँगला जात नव्हते. स्टारचे उत्पन्न जाहिरातींवर अवलंबून होते आणि ग्राहकाचे नावगाव तिच्याकडे नव्हते. आपला प्रेक्षक नेमका कोण आणि किती, हे जाणून घेण्यासाठी तिला पाहण्या करून घ्याव्या लागत. अशाच पाहण्यांनुसार १९९२ च्या आरंभी भारतात स्टार पाहणारी घरे काही लाखांत होती, आणि १९९३ संपता संपता ती ७० लाखांच्या पुढे गेली.

आता प्रत्यक्ष वाहिन्यांकडे वळू. १९९१ च्या उत्तरार्धात एकापाठोपाठ एक पाच वाहिन्या सुरू झाल्या : खेळांसाठी प्राइम स्पोर्ट्स, संगीतासाठी एमटीव्ही, बातम्यांसाठी बीबीसी वर्ल्ड सर्व्हिस टेलिव्हिजन, मंदारिन भाषेतली चिनी वाहिनी आणि सर्वसाधारण मनोरंजनासाठी स्टार प्लस.

यांत बीबीसीचे मोल सर्वांत जास्त होते, असे माझे ठाम मत आहे. दूरदर्शनच्या बातमीपत्रात मंत्र्यांची उद्घाटने आणि सरकारी निवेदने यांना पहिले स्थान असे, आणि देशातली गंभीर घटना अनेकदा उशिरा व सौम्य शब्दांत सांगितली जाई. बीबीसीने भारतीय प्रेक्षकाला पहिल्यांदाच स्वतःच्या देशाची बातमी परक्याच्या कॅमेऱ्यातून, पण सरकारच्या परवानगीविना, पाहायला दिली. डिसेंबर १९९२ मध्ये अयोध्येतल्या घटनांच्या बातम्या तिच्यावरून घराघरांत पोहोचल्या आणि त्यावर दोन्ही बाजूंनी वादही झाले. वाद होणे स्वाभाविक होते. परंतु ‘सरकारी वृत्त’ आणि ‘वृत्त’ यांत फरक असू शकतो ही जाणीव सर्वसामान्य इंग्रजी जाणणाऱ्या प्रेक्षकाला झाली, हे या सेवेचे मोठे देणे आहे. उणीव भाषेचीच होती. ज्यांना या बातम्यांची सर्वाधिक गरज होती अशा बहुसंख्य घरांत त्या नुसत्या चित्रांच्या रूपात समजत होत्या.

प्राइम स्पोर्ट्सला भाषेची अडचण जाणवली नाही. १९९१-९२ च्या हिवाळ्यात भारतीय क्रिकेट संघ ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर होता. सिडनीतले रवी शास्त्रींचे द्विशतक आणि पर्थच्या वेगवान खेळपट्टीवरचे सचिन तेंडुलकरचे शतक हे त्या दौऱ्याचे मानबिंदू. ऑस्ट्रेलियातल्या चॅनेल नाइन या वाहिनीच्या कॅमेऱ्यांनी टिपलेले ते सामने, यष्टीतला कॅमेरा, दोन्ही टोकांकडून दिसणारा गोलंदाज, फेरदृश्यांची रेलचेल आणि मोजकेच बोलणारे समालोचक, हे सारे पाहिल्यावर भारतीय प्रेक्षकाची खेळाच्या प्रक्षेपणाविषयीची अपेक्षा कायमची बदलली. टेनिस, गोल्फ, मुष्टियुद्ध असे इतर खेळही येत होते आणि ग्रँड स्लॅम स्पर्धा आठवडाभर पाहणारा एक नवा प्रेक्षक तयार झाला. खेळांच्या हक्कांसाठी त्यानंतर जे युद्ध पेटले त्याचा निकाल थेट सर्वोच्च न्यायालयात लागला. बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात ९ फेब्रुवारी १९९५ रोजी न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी (एअरवेव्ह्ज) ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे आणि त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नसल्याचे सांगितले. हा निकाल वाचताना मागे स्टारसारख्या सेवांनी निर्माण केलेली परिस्थिती स्पष्ट दिसते.

स्टार प्लसबद्दल मात्र मला कठोर व्हावे लागेल. कंपनीचा हिशेब असा होता की आशियातल्या प्रत्येक देशात वरचा पाचेक टक्के वर्ग इंग्रजी जाणतो, तो श्रीमंत आहे, आणि अशा सर्व वर्गांची बेरीज केली की एक मोठी बाजारपेठ हाती येते. त्यामुळे अमेरिकी मालिका, ऑस्ट्रेलियन आणि ब्रिटिश कार्यक्रम, चर्चेचे कार्यक्रम हे सारे जसेच्या तसे आणून लावण्यात आले. ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ आणि ‘सँटा बार्बरा’ या मालिकांनी काही काळ कुतूहल जागवले यात शंका नाही. पण मुंबईतला, मनिलातला आणि दुबईतला इंग्रजी जाणणारा माणूस एकाच गोष्टीवर हसतो, एकाच वेळी जेवतो आणि एकाच प्रकारच्या कुटुंबात राहतो, असे गृहीत धरलेला हा हिशेब होता. वेळापत्रकातच त्याची चूक उघडी पडत होती. हाँगकाँगमध्ये रात्रीचे आठ वाजतात तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेपाच आणि दुबईत दुपारचे चार वाजलेले असतात. एकाच झोतावरून एकच कार्यक्रमपत्रिका देणाऱ्या वाहिनीला सर्वांची मुख्य वेळ सांभाळणे शक्यच नसते. कोणाच्या तरी जेवणाच्या वेळेला कोणाची तरी मुले शाळेतून परत येत असतात.

या उणिवेचा लाभ सुभाष चंद्र यांनी घेतला. त्यांनी याच उपग्रहावरचा एक ट्रान्सपॉन्डर भाड्याने घेतला आणि २ ऑक्टोबर १९९२ रोजी झी टीव्ही सुरू झाली. स्टारच्या व्यवस्थापनाला हिंदी वाहिनीत फारसा व्यापार दिसत नव्हता, हे तेव्हाच्या घडामोडींवरून उघड आहे. नाहीतर आपल्याच उपग्रहावरची जागा दुसऱ्याला देऊन सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग त्यांनी सोडून दिला नसता. सेवा म्हणून पाहिले तर केबल ग्राहकाला याचा फायदाच झाला. तीच डिश, तीच दिशा, तोच केबलवाला आणि एक अधिकची वाहिनी, तीही समजणाऱ्या भाषेत. स्टारच्या पाहण्यांतली घरे १९९३ मध्ये ज्या वेगाने वाढली त्यात हिंदी वाहिनीच्या ओढीचा वाटा किती होता, याचा विचार केल्यावाचून ते आकडे वाचू नयेत.

जुलै १९९३ मध्ये रूपर्ट मर्डोक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने स्टारचा ६३.६ टक्के हिस्सा ५२ कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतला. ब्रिटनचा पिअर्सन समूहही खरेदीसाठी उत्सुक होता, पण तो मागे पडला. दोन वर्षांनी उरलेला हिस्साही सुमारे ३० कोटी डॉलरला न्यूज कॉर्पोरेशनकडे आला. सेवा सुरू झाल्यापासून दोन वर्षांत मालक बदलणे ग्राहकाच्या दृष्टीने लहान गोष्ट नसते, आणि इथे ग्राहकाला त्याची झळ लवकरच बसली.

सप्टेंबर १९९३ मध्ये लंडनमधल्या एका भाषणात मर्डोक यांनी दूरसंचाराचे नवे तंत्रज्ञान जगभरच्या हुकूमशाही राजवटींना थेट आव्हान ठरले आहे अशा आशयाचे विधान केले. पुढच्याच महिन्यात चीनच्या सरकारने खासगी डिशवर बंदी घालणारा हुकूम काढला. एप्रिल १९९४ मध्ये बीबीसीची वाहिनी उत्तर झोतावरून काढून टाकण्यात आली. चीनच्या नेतृत्वाची नाराजी हे त्यामागचे कारण होते, हे मर्डोक यांनी नंतर मान्य केले. दक्षिण झोतावर ती काही काळ राहिली, त्यामुळे भारतातल्या प्रेक्षकाच्या पडद्यावर तत्काळ काही बिघडले नाही. पण या सेवेच्या सर्व निर्णयांत मला सर्वांत अक्षम्य वाटणारा निर्णय हाच आहे. ज्या देशात स्वतंत्र बातमीची गरज सर्वाधिक होती, तिथेच ती मालकाच्या व्यापारासाठी बंद झाली. ग्राहकाने सेवा निवडताना तंत्र, चित्र आणि कार्यक्रम पाहावेत हे खरे, परंतु बातमी देणाऱ्या सेवेच्या बाबतीत मालक कोणासमोर वाकू शकतो हेही पाहावे लागते, आणि १९९४ नंतर स्टारच्या प्रेक्षकाला तो प्रश्न टाळता येत नव्हता.

त्याच वर्षी मे महिन्यात एमटीव्ही स्टारच्या ताफ्यातून बाहेर पडली आणि तिच्या जागी चॅनेल व्ही आली. हा बदल नाइलाजाने झाला असला तरी प्रेक्षकाच्या पदरात चांगले पडले. एमटीव्ही बहुतांशी पाश्चात्त्य संगीत आशियावर ओतत होती. चॅनेल व्हीने हळूहळू हिंदी चित्रपटगीते आणि भारतीय पॉप यांना जागा दिली, निवेदक इथल्या बोलीत बोलू लागले, आणि स्टारच्या छत्राखाली ‘भारतासाठी वेगळे’ अशी पहिली जोमदार वाहिनी तयार झाली. परत आलेल्या एमटीव्हीने १९९६ मध्ये भारतासाठी वेगळी वाहिनी काढताना हाच मार्ग धरला. १९९४ मध्येच आलेल्या स्टार मूव्हीजसाठी मात्र डिकोडर आणि वेगळे पैसे लागू लागले. इथून मोकळ्या प्रक्षेपणाचे दिवस संपत गेले, आणि केबलवाल्याला पहिल्यांदा कंपनीला पैसे देण्याची वेळ आली. त्या पैशांचा भार ग्राहकावर येणार हे उघडच होते.

सरकारची बाजू इथे थोडक्यात सांगतो. सप्टेंबर १९९४ चा वटहुकूम आणि १९९५ चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क (नियमन) कायदा येईपर्यंत या सर्व व्यवहाराला १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यापलीकडे फारसा आधार नव्हता. नव्या कायद्याने केबलवाल्याला टपाल कार्यालयात नोंदणी करणे आणि दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे बंधनकारक केले, कार्यक्रम व जाहिरातींसाठी संहिता आणली. ती संहिता आवश्यक आहे, हे मत १९९५ मध्ये आणखी पक्के झाले. त्या वर्षी स्टार प्लसवरच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात महात्मा गांधींविषयी अत्यंत आक्षेपार्ह शब्द उच्चारले गेले, देशभर संताप उसळला, संसदेत विषय निघाला आणि तो कार्यक्रम बंद झाला. देशाबाहेरून येणाऱ्या वाहिनीला जाब कोणी आणि कोणत्या कायद्याने विचारायचा, हा प्रश्न त्या वेळी प्रथमच इतक्या तीव्रतेने पुढे आला. प्रेक्षकाला दाद मागण्यासाठी या सेवेने स्वतःहून कोणतीही सोय केलेली नव्हती, आणि हा दोष मी गंभीर मानतो.

१९९६ मध्ये दूरदर्शनचे माजी महासंचालक रतिकांत बसू स्टारच्या भारतीय कारभाराचे प्रमुख झाले आणि स्टार प्लसवर हिंदी कार्यक्रम दिसू लागले. पण झीमधल्या भागीदारीमुळे हात बांधलेले होते. न्यूज कॉर्पोरेशनने झीच्या प्रसारण कंपनीत जवळपास निम्मा हिस्सा घेतलेला होता, आणि स्वतःच्याच भागीदाराशी हिंदीत स्पर्धा करण्याला मर्यादा होत्या. त्यामुळे या मधल्या वर्षांतली स्टार प्लस ना धड इंग्रजी राहिली ना धड हिंदी झाली. संध्याकाळी इंग्रजी मालिकेनंतर हिंदी मालिका आणि मग पुन्हा इंग्रजी, अशा पत्रिकेने दोन्हीकडचा प्रेक्षक दुरावतो. याच काळात १९९८ मध्ये एनडीटीव्हीच्या निर्मितीतून स्टार न्यूज सुरू झाली, तिची आखणी मात्र अतिशय नेटकी होती : इथले पत्रकार, इथल्या निवडणुका, इंग्रजी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत बातम्या. बीबीसीने लावलेली सवय इथे देशी हातांत आली.

घरोघर छोट्या डिशने थेट सेवा देण्याचा मर्डोक यांचा बेतही याच काळातला. तो यशस्वी झाला असता तर कंपनी आणि ग्राहक यांच्यामधला केबलवाला दूर झाला असता आणि ग्राहकाला निवडीचा हक्क दहा वर्षे आधी मिळाला असता. परंतु जुलै १९९७ मध्ये केंद्र सरकारने ४,८०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींवरचे प्रक्षेपण घेण्यास मनाई केली आणि तो बेत तिथेच थांबला. ही परवानगी २००० च्या अखेरीस मिळाली, आणि टाटांच्या भागीदारीतली सेवा प्रत्यक्षात यायला २००६ उजाडले. परदेशी मालकीच्या भीतीपोटी घेतलेला तो निर्णय ग्राहकाच्या हिताचा होता असे मला वाटत नाही. त्याने मक्तेदारी टळली नाही. ती फक्त गल्लीच्या पातळीवर आली, आणि एका वस्तीत एकच केबलवाला ही स्थिती आणखी काही वर्षे टिकली.

१९९९ मध्ये झी आणि स्टार यांची भागीदारी संपली आणि स्टारचे हात मोकळे झाले. ३ जुलै २००० रोजी स्टार प्लस पूर्णपणे हिंदी रूपात प्रेक्षकांसमोर आली. रात्री नऊ वाजता अमिताभ बच्चन ‘कौन बनेगा करोडपती’ घेऊन पडद्यावर आले, एक कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर झाले, आणि काही आठवड्यांत देशातली संध्याकाळ त्या वेळेभोवती फिरू लागली. त्या यशाची चर्चा पुष्कळ झाली आहे. सेवेचा परीक्षक म्हणून मला त्यात एवढेच दिसते की उपग्रह, प्रक्षेपणाचे तंत्र आणि गच्चीवरच्या डिश हे सारे नऊ वर्षांपूर्वीही होते. बदलली ती भाषा, आणि बदलली ती प्रेक्षकाच्या घड्याळाशी जुळवून घेण्याची तयारी. पहिल्या नऊ वर्षांत कंपनीने अर्धा आशिया एक मानून जो पैसा आणि वेळ खर्च केला, तो बराचसा वाया गेला असे म्हणावे लागते.

मराठी प्रेक्षकाच्या बाजूने पाहिले तर गुणपत्रिका आणखी कडक होते. महाराष्ट्र हे केबलच्या प्रसाराचे आघाडीचे राज्य होते, मुंबई ही या वाहिन्यांच्या जाहिरातींची राजधानी होती, आणि तरीही या नऊ वर्षांत स्टारने मराठीत एकही वाहिनी काढली नाही. झीच्या समूहाने १५ ऑगस्ट १९९९ रोजी अल्फा मराठी सुरू केली तेव्हा मराठी घरांत तिचे जे स्वागत झाले, त्यावरून मागणी किती जुनी होती ते कळते. स्टारची मराठी मनोरंजन वाहिनी, स्टार प्रवाह, आली ती नोव्हेंबर २००८ मध्ये, म्हणजे अल्फा मराठीनंतर नऊ वर्षांनी. जी चूक कंपनीने १९९२ मध्ये हिंदीबाबत केली होती, तीच तिने मराठीबाबत पुन्हा केली, आणि दोन्ही वेळा जागा भरून काढली ती त्याच प्रतिस्पर्ध्याने.